गल्लीतल्या खेळांचे जुने फोटो: खान्देशात ते कुठे सापडतील, कसे वाचायचे, कसे टिकवायचे

‘आमच्या लहानपणी गल्लीत काय खेळ रंगायचे!’ असं सांगणारी माणसं खान्देशात ओट्याओट्यावर भेटतात. त्या खेळाचा एखादा फोटो आहे का, असं विचारलं की मात्र मान नकारार्थी हलते. खरं तर फोटो बऱ्याचदा घरातच असतो, फक्त तो खेळाचा आहे हे घरच्यांना ठाऊक नसतं.

कारण साधं आहे. ‘अग्फा क्लिक थ्री’सारख्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो निघायचे. रोलचे पैसे, धुलाईचे पैसे, छपाईचे पैसे. गोट्या खेळणाऱ्या पोरांवर त्यातली एक फ्रेम कोण वाया घालवणार? फोटो निघायचे ते बारशाचे, वरातीचे, रथाचे, नव्या सायकलचे. खेळ त्यात आला तो कोपऱ्यातून, कुणाचं लक्ष नसताना. म्हणून ‘खेळांचे फोटो द्या’ म्हणत फिरलात तर हात हलवत परत याल. दुसऱ्याच कशाचे तरी फोटो मागायचे आणि त्यांच्या कडेला नि जमिनीकडे बघायचं, ही या कामाची खरी रीत. पुढचं सगळं त्याच धोरणाने लिहिलं आहे.

आधी हद्द ठरवा

‘खान्देशातले खेळ’ असा विषय घेऊ नका, तो कधीच संपत नाही. एक गल्ली, एक पेठ किंवा एक कॉलनी घ्या. जळगावात शनिपेठ किंवा बळीराम पेठ, भुसावळात रेल्वे कॉलनीतल्या दोन ओळी, अमळनेरात गिरणीच्या आसपासची वस्ती. धुळ्याचं काम त्यातल्या त्यात सोपं. कॅप्टन ब्रिग्जने १८१९च्या सुमारास नवं धुळं आखलं तेव्हा रस्ते सरळ रेषेत काढले, आणि तिथे आजही पत्ता ‘गल्ली नंबर चार’ असा सांगतात. सरळ गल्लीतला जुना फोटो जागेवर नेऊन ताडून पाहता येतो. वाकड्यातिकड्या बोळात तेच काम दमवतं.

काळही आखून घ्या. आज सत्तरीत असलेली माणसं ज्या वयात खेळायची तिथपासून सुरुवात करावी, कारण फोटोतला खेळ ओळखायला खेळलेला माणूस जिवंत हवा. त्याहून जुना फोटो मिळाला तर उत्तमच, पण त्यात अंदाजाचा भाग वाढतो.

कुठे शोधायचे

घरातल्या लग्नाच्या अल्बमपासून सुरुवात करा. वरात गल्लीतून निघालेली असते, आणि बँडवाल्यांच्या पुढे नाहीतर बाजूच्या ओट्यावर पोरांची झुंड असते. त्यातलं एखादं पोरगं हमखास हातात भोवरा किंवा खिशात गोट्या घेऊन आलेलं असतं. खिसा फुगलेला दिसला तर भिंग लावा.

मग सण. जळगावचा कार्तिकी एकादशीचा श्रीराम रथ, अमळनेरचा वैशाखातला सखाराम महाराजांचा रथ, गणपतीच्या मिरवणुका. या प्रसंगांचे फोटो घरोघरी आहेत आणि मंडळांकडेही आहेत. रथाचा फोटो पाहताना सगळ्यांचं लक्ष रथाकडे जातं. तुम्ही कडेला बघा, रथ यायची वाट बघत पोरं काय करत बसली आहेत ते. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली बसवतात त्या भुलाबाईचे, काही घरांत तिला गुलाबाई म्हणतात, फोटो वेगळे मागा. मुलींच्या घोळक्याचा हेतूपूर्वक काढलेला फोटो मिळण्याची शक्यता तिथे सगळ्यांत जास्त.

रेल्वे आणि गिरण्या ही खान्देशातली खास ठिकाणं. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत बदलीवर आलेली, बाहेर फिरलेली माणसं राहिली. पगार ठरलेला, क्वार्टरपुढे मोकळी जागा आणि काहींच्या घरी कॅमेरा. त्यामुळे अंगणातल्या खेळाचा सहज काढलेला फोटो तिथे मिळू शकतो. अडचण एकच, ती कुटुंबं आज देशभर पांगली आहेत. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ओळखीतून माग काढावा लागतो. जळगावची खानदेश मिल किंवा अमळनेरची प्रताप मिल यांच्या आसपासच्या जुन्या कुटुंबांकडेही विचारावं.

फोटो स्टुडिओ ही सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत लवकर संपत चाललेली खाण. जुन्या स्टुडिओवाल्यांकडे निगेटिव्हची पाकिटं पोत्यात भरून पडलेली असतात आणि मुलगा मोबाइलचं दुकान टाकतो तेव्हा ती पोती रद्दीत जातात. तिथे जाऊन ‘लग्नाच्या रोलमधल्या शेवटच्या फ्रेमा बघू द्या’ म्हणा. रोल संपवून धुवायला टाकायचा म्हणून उरलेल्या एक-दोन फ्रेमा दुकानासमोरच्या रस्त्यावर उडवलेल्या असू शकतात. गिऱ्हाइकाला नको असलेल्या त्या फ्रेमा तुमच्या उपयोगाच्या.

मोठ्या नावांच्या मागे मात्र फार धावू नये. खान्देशात फोटोग्राफी म्हटलं की चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) आठवतात आणि त्यांचं काम बघायलाच हवं, पण त्यांची ख्याती आहे ती घरात बसून, टेबलावर वस्तू मांडून केलेल्या टेबल-टॉप फोटोग्राफीसाठी. गल्लीतला धुरळा मिळेल तो हौशी माणसाच्या, थोड्या हललेल्या फोटोतच.

शाळांच्या स्मरणिका चाळा, पण अपेक्षा कमी ठेवा. त्यात लेझीम आणि कवायत असते, मधल्या सुट्टीतली विटीदांडू नसते.

घरात गेल्यावर

ओळखीच्या माणसाबरोबर जा आणि पहिल्या भेटीत फोटो मागू नका. चहा घ्या, गल्लीची चौकशी करा. आप्पा, नाना, जिभाऊ, माय, आक्का, ज्या घरात जे म्हणतात तेच म्हणा. अहिराणी येत असेल तर अहिराणीतच बोला. ‘हाऊ कोना पोऱ्या शे?’ असं फोटोवर बोट ठेवून विचारलं की आजी चष्मा शोधायला उठते. प्रमाण मराठीत विचारलेल्या प्रश्नाला प्रमाण मराठीतलं, सावरून दिलेलं उत्तर येतं.

मूळ फोटो घरी नेऊ नका. ‘दोन दिवसांत आणून देतो’ म्हणून नेलेले फोटो कुठे गेले, या आठवणी प्रत्येक घरात आहेत आणि तुम्हाला नकार मिळतो तो त्यांच्यामुळेच. स्कॅनर आणि लॅपटॉप पिशवीत घालून त्यांच्याच घरी बसा. त्याच दिवशी स्कॅनची प्रत त्यांच्या पोराच्या मोबाइलवर द्या. दुसऱ्या खेपेला ट्रंक आपोआप उघडते.

हाताळणी

हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि फोटो कडेने धरा. चिकटपट्टी, लॅमिनेशन, फेव्हिकॉल यांतलं काहीही जवळ आणू नका. पाठीमागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढच्या बाजूने उमटतो. लिहायचं ते वेगळ्या कागदी पाकिटावर.

काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही, काचेसकट स्कॅन करायचा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. जुन्या कृष्णधवल फोटोच्या गडद भागावर निळसर चंदेरी झाक दिसते. ती घाण नसते, फोटोतली चांदीच वर आलेली असते, म्हणून फडक्याने पुसू नये.

आपल्याकडचा मुख्य शत्रू उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या खोलीत माळ्यावर ठेवलेल्या लोखंडी ट्रंकेत काय होत असेल ते सांगायला नको. फोटो घरातल्या मधल्या, गार खोलीत, जमिनीपासून वर, कागदी पाकिटात ठेवायला सांगा. डांबराच्या गोळ्या आणि ओला कडुलिंब दोन्ही बाहेर. गोळ्यांची वाफ फोटोला बरी नाही आणि हिरव्या पानांतली ओल बुरशीला बोलावते. पावसाळ्यात कसर लागते, म्हणून पोळ्याच्या सुमाराला एकदा पाकिटं उघडून सावलीत वारा द्यावा.

स्कॅनिंग

पोस्टकार्डएवढ्या फोटोला ६०० पीपीआय, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल, पुरतं. क्लिक थ्रीचे छोटे चौकोनी, निगेटिव्हच्याच मापाचे फोटो, साधारण सव्वादोन इंचांचे, १२०० वर स्कॅन करा. त्यातून २७०० पिक्सेलची बाजू मिळते आणि कोपऱ्यातल्या पोराच्या हातात काय आहे ते मोठं करून बघता येतं. खेळाच्या फोटोंत रिझोल्यूशनवर कंजुषी करू नये, कारण आपला विषय नेमका फोटोच्या सगळ्यांत लहान भागात असतो. ३५ मिमी निगेटिव्ह असेल तर निदान २४०० ठेवा, जमल्यास अधिक.

फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा. पिवळेपणा, डाग, शाई हा सगळा पुरावा असतो. स्कॅनरमधली आपोआप धूळ काढणारी, धार वाढवणारी, रंग सुधारणारी बटणं बंद ठेवा. धूळ काढायच्या नादात स्कॅनर उडालेली विटीही काढून टाकतो. मूळ फाइल टिफ स्वरूपात ठेवा. साडेतीन बाय पाच इंचांचा फोटो ६०० पीपीआयला सुमारे १९ एमबी होतो. वाटायला जेपेग बनवा. पाठही स्कॅन करा, नेहमी. स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचं नाव, ‘चि. बाळू, मॅट्रिक’ असं पेन्सिलीत लिहिलेलं काहीतरी, हे सगळं पाठीवरच असतं.

स्कॅनर नसेल तर मोबाइल चालेल. फोटो खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, सपाट ठेवा. मोबाइल अगदी समांतर धरा, फ्लॅश बंद. काचेच्या चौकटीत स्वतःचंच प्रतिबिंब येत असेल तर काळ्या चादरीला छिद्र पाडून त्यातून लेन्स काढा. पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर निम्मा तपशील वाटेतच गळतो.

फाइलला लांबलचक नाव देऊ नका. गल्ली, घर आणि क्रमांक पुरे, ‘धु४-०७-०१२’, आणि पाठीला त्याच्यापुढे ‘पा’. बाकी सगळं एका वहीत किंवा एक्सेलमध्ये. तीन प्रती ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, नातेवाइकाकडे.

चेहरे स्पष्ट करून देणारी, जुने फोटो रंगवून देणारी अॅप मूळ फाइलवर चालवू नका. ती चेहरा साफ करत नाहीत, नवा चेहरा रचतात. आजोबांना तो फोटो दाखवला की ते तिसऱ्याच माणसाचं नाव घेतात.

जमिनीकडे बघा

आता खरं काम. खेळ ओळखायचा तर चेहऱ्यांवरून नजर काढून आधी जमीन वाचायची. मातीची गल्ली म्हणजे पाटीच, दिवसभराचे सगळे खेळ तिच्यावर उमटलेले असतात.

छोटा लांबट खड्डा आणि त्याच्यासमोर मोकळी लांब जागा असेल तर विटीदांडू. वाटीएवढा गोल खड्डा, थोडा भिंतीकडे सरकलेला, त्याच्याभोवती माती गुळगुळीत झालेली, तर गोट्यांची गल. काठीने किंवा टाचेने फिरवलेलं वर्तुळ आणि त्यात बारीक टोचलेल्या खुणा दिसल्या तर भोवरे. चौकोनांची ओळ असेल तर ठिक्कर. त्यात एखादी काळपट ठिकरी पडलेली दिसेल. पुरणपोळीचं खापर फुटलं की त्याचे तुकडे ठिक्करीलाच जायचे. चपट्या दगडांची उतरंड दिसली की लगोरी, पण उतरंड फोटोत क्वचितच उभी सापडते. विखुरलेले सात-आठ चपटे दगड आणि वेगवेगळ्या दिशांना पळणारी पोरं हीच तिची खूण.

यानंतर नजरा बघा. त्या कॅमेऱ्यांचं शटर संथ. उडालेली विटी किंवा फेकलेला चेंडू फोटोत एक पांढरट ओरखडा होऊन येतो, कधी येतही नाही. पण सगळ्या पोरांचे डोळे कुठे लागले आहेत ते दिसतं. प्रत्येकाच्या नजरेची रेघ मनाने पुढे वाढवली की त्या रेघा जिथे भेटतात तिथे विटी असते.

माझ्यासमोर आत्ता असाच एक फोटो आहे. धुळ्यातली गल्ली, वरातीच्या घोड्याची पाठ अर्ध्याहून जास्त जागा खाऊन बसलेली. घोड्याच्या पोटाखालून पलीकडचा ओटा दिसतो. ओट्याखाली तीन मुलं उकिडवी बसली आहेत, एकाचा अंगठा जमिनीला टेकलेला आणि मधलं बोट मागे ताणलेलं. गोटी दिसत नाही. पण हाताची ती बैठक दुसऱ्या कुठल्याही खेळात येत नाही. तिघांपैकी एकानेही वरातीकडे पाहिलेलं नाही. त्यांच्या मागे एक मुलगी कडेवर लहान भावंड घेऊन उभी आहे आणि तिची नजर घोड्यावर नाही, गोटीवर आहे. हा फोटो घरात ‘काकांच्या लग्नाचा, खराब आलेला’ म्हणून अल्बमच्या बाहेर ठेवला होता. ‘खराब आलेले’ फोटो आवर्जून मागा.

सगळीच पोरं कॅमेऱ्याकडे बघत असतील तर तो खेळ थांबवून काढलेला फोटो. टाकाऊ नव्हे, फक्त मांडणी खरी धरू नये. हौशी काका दांडू नीट धरायला लावतो, एरवी त्या पोराने तो तसा धरलाही नसता.

ओट्यावरचे खेळ जमिनीवरच्या खेळांपेक्षा जास्त टिकले आहेत, कारण फरशी टिकली आहे. चल्लस-आठचे चौकोन खिळ्याने कोरलेले जुन्या ओट्यांवर, देवळांच्या पायऱ्यांवर अजून सापडतात. फोटोत आजीच्या मांडीशेजारी अशा रेघा दिसल्या तर तोच ओटा शोधून आजचा फोटोही काढा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. ऊन तिरपं असलं की बुजलेल्या रेघा उठून दिसतात, दुपारी तीच फरशी कोरी वाटते. जुनी घरं पाडून बांधकामं चालू आहेत, तेव्हा हे काम उद्यावर टाकू नका.

साल कसं काढायचं

कपड्यांवरून साल काढू नका. थोरल्याची चड्डी धाकट्याला येते, फॅशन गल्लीत उशिरा पोचते. कागद आणि भिंत यांच्यावर भरवसा ठेवा.

करवती कडेचे फोटो साधारण १९३०च्या दशकापासून साठच्या दशकापर्यंत चालले. हाताला प्लास्टिकसारखा लागणारा कागद असेल तर फोटो सत्तरच्या दशकातला किंवा नंतरचा. निगेटिव्हच्या कडेवर ‘इंदू’ हे नाव दिसलं तर ती ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची फिल्म, आणि तिथलं उत्पादन १९६७ला सुरू झालं, म्हणजे फोटो त्याआधीचा नाही. लालसर पडलेला रंगीत फोटो बहुधा सत्तर-ऐंशीच्या दशकातला असतो. हे लक्षात ठेवा की मूळ निगेटिव्ह जुनी आणि छपाई नंतरची असू शकते. कागदावरून छपाईचा काळ कळतो, खेळाचा नव्हे.

पोरांच्या मागची भिंत त्याहून बोलकी. निवडणुकीच्या खुणा रंगवलेल्या असतील तर फारच उत्तम. बैलजोडी असेल तर १९६९च्या फुटीपूर्वीची काँग्रेस, गाय-वासरू १९७१ ते १९७७च्या दरम्यानचं, हाताचा पंजा त्यानंतरचा. पणती जनसंघाची, १९७७पर्यंत. चक्रातला नांगरधारी शेतकरी १९७७च्या जनता लाटेतला, कमळ १९८०पासून. रंग पावसाळ्यामागून पावसाळे भिंतीवर राहतो, म्हणून चिन्हावरून ‘याच्या आधी नाही’ एवढंच ठरतं.

दुकानाची पाटी दिसली तर भाव वाचा. आण्यात असेल तर १ एप्रिल १९५७च्या आसपासचा किंवा आधीचा, तरी म्हातारे दुकानदार नंतरही आण्यातच बोलत राहिले. पाटीवर सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२नंतरची पाटी. गाडीच्या नंबरात ‘एमएच १८’ किंवा ‘एमएच १९’ दिसलं की १९८९ आणि पुढे. ‘एमएच ३९’ असेल तर त्याहून पुढचं, कारण नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. घरांच्या धाब्यांवर टीव्हीचे अँटेना दिसू लागले तर ऐंशीचं दशक उजाडलं आहे, आणि विटीदांडूची जागा भिंतीवर विटकरीने काढलेल्या स्टंपांनी घेतलेलीही तिथेच दिसेल.

महिना काढायचा तर सावली. धुळे-जळगाव हे २१ अंश अक्षांशाच्या अगदी जवळ. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि विजेच्या खांबाची सावली खांबाच्या बुडातच राहते. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सावली जवळजवळ खांबाच्या उंचीएवढी पडते, आणि सरळ उत्तरेला. इथे भर दुपार म्हणजे घड्याळात साधारण साडेबारा. गल्लीची दिशा नकाशावर पाहून घेतलीत की सावलीवरून सकाळ-संध्याकाळही ठरते. मेच्या दुपारी गल्लीत खेळणारी पोरं दिसली तर दोनदा तपासा. आपल्याकडे त्या वेळी आई पोरांना दार लावून आत कोंडते.

ओट्यावरची बैठक

एवढं झालं की फोटो ए-फोर आकारात छापून न्या. मोबाइलच्या पडद्यावर दाखवलात तर आजोबा हो-हो करतात आणि परत देतात. कागद हातात असला की तो जवळ-लांब होतो आणि बोट कोपऱ्यात जातं.

शक्यतो दोन जुने खेळगडी एकत्र बसवा. एकटा माणूस गोष्ट सांगतो, दोघं भांडतात, आणि नियम भांडणातूनच बाहेर येतात. विटी पकडली तर आऊट की डाव बदलायचा, मोजताना वकट-लेंड-मुंड-नाल म्हणायचे की सरळ एक-दोन-तीन, रडीचा डाव खेळणाऱ्याला काय शिक्षा, हरलेल्याच्या भोवऱ्याला आरीचे किती टोले. शेजारच्या गल्लीत वेगळा नियम होता का, हे नक्की विचारा. असतोच.

‘हे कितवं साल?’ हा प्रश्न निरुपयोगी. तेव्हा कितवीत होतात, ताईच्या लग्नाआधी की नंतर, गल्लीत नळ आला होता का, असं विचारा. १९७२चा दुष्काळ आणि शाळेतली सुकडी, १९७५ची आणीबाणी, १९७९ला स्कायलॅब ही अवकाशप्रयोगशाळा डोक्यावर पडणार म्हणून उठलेल्या अफवा, १९८४चा इंदिरा गांधींच्या हत्येचा दिवस, या खुंट्यांना माणसं आपलं बालपण बरोबर टांगतात. रेकॉर्डिंग परवानगी घेऊनच करा, आणि रेकॉर्डर बंद केल्यावर पाच मिनिटं तसेच बसून राहा.

बायकांना वेगळं बसवा. पुरुषांसमोर ‘आम्ही कुठे खेळायचो’ म्हणून विषय संपतो. चार जणी एकत्र आल्या की सागरगोटे, काचापाणी, फुगडी, आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका असं सगळं निघतं, आणि धाकट्याला कडेवर घेऊन लंगडी कशी खेळायची याचं प्रात्यक्षिकही.

फोटोत कोण नाही, हेही नोंदवा. कॅमेरा होता तो ठरावीक घरांत. भिलाटीतली, मोहल्ल्यातली, दलित वस्तीतली पोरं फोटोत आली तर वरातीच्या कडेला येतात, नावाशिवाय. त्या वस्त्यांत फोटो मिळणार नाहीत म्हणून जायचंच नाही, असं करू नका. तिथे ए-फोरची प्रत घेऊन जा. कडेचा तो मुलगा कोण, हे तिथलाच कुणीतरी सांगतो.

हक्काचं काय

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ला दुरुस्ती झाली आणि छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत गेला. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. म्हणजे लग्नाच्या फोटोला घरच्यांची लेखी परवानगी घ्या. स्टुडिओत पडलेल्या, कुणी न मागितलेल्या फ्रेमेला स्टुडिओवाल्याची.

कायद्यापलीकडेही थोडं भान हवं. फोटोतलं पोर आज साठीतला माणूस आहे. उघडा, नाक वाहणारा, रडणारा फोटो त्याला न विचारता इंटरनेटवर टाकू नये. आडनाव आणि घरनंबर जाहीर प्रतीवर नको, वहीत असू द्या.

आखाजीला दाखवा

गोळा केलेलं लोकांपुढे मांडायला गणपतीचा मंडप सोयीचा, पण खान्देशात आखाजीसारखा मुहूर्त नाही. त्या चार दिवसांत सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात. गल्लीतल्या जुन्या मुलींना ओळखणाऱ्या सगळ्या जणी एका जागी सापडण्याची वर्षातली ती एकच वेळ. ऊन कडक असतं, म्हणून संध्याकाळी, ओट्यावर, दोरीला चिमट्यांनी प्रती लावा. मूळ फोटो अजिबात नको.

प्रत्येक प्रतीखाली कोरा कागद आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल ठेवा. मथळ्यात जे पक्कं आहे तेवढंच लिहा, आणि ज्याचा अंदाज आहे त्याला स्पष्ट ‘बहुधा’ म्हणा: ‘गल्ली नंबर चार, उजवीकडे गोट्या, बहुधा १९७१ नंतर, मुलगी कोण?’ प्रश्न अर्धवट सोडला की माणसं पेन्सिल उचलतात. रात्री कागद काढून घ्या, त्यावर फोटोचा क्रमांक टाका आणि तोही स्कॅन करा. दोघींनी दोन वेगळी नावं लिहिली असतील तर दोन्ही ठेवा आणि दोघींचे फोन नंबर वहीत उतरवून घ्या. शेवटी एक पूर्ण संच जिल्हा वाचनालयाला किंवा शाळेला द्यायचा असेल तर आधी जाऊन विचारा, तो ठेवणार कोण आणि कुठे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेत जुनी कागदपत्रं सांभाळायची परंपरा आहे, तिथेही आधी बोलूनच जावं. पेनड्राइव्ह देऊन पोचपावती घ्या, आणि पुढच्या आखाजीआधी तो उघडतोय का ते पाहून या.